हॅडलीसाहेबांची गैरहजेरी

१

सर ॲम्ब्रोज हॅडली यांचं आयुष्य दोन ठिकाणी विभागलेलं होतं. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत लंडनमध्ये पार्लमेंट, आणि उरलेले महिने श्रॉपशरमधलं हॅडली कोर्ट, तिथली कुळं, शिकारी कुत्री आणि दर पंधरवड्याला भरणारं न्यायासन. आजोबा खासदार होते, वडील खासदार होते, म्हणून हेही होते. एकवीस वर्षांत त्यांनी सभागृहात चार भाषणं केली होती, त्यातली दोन डुकरांच्या रोगाबद्दल. पण मत मात्र ते न चुकता द्यायचे, आणि दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस म्हणून परगण्यात त्यांचं नाव होतं. या नावाची त्यांना फार ऐट होती. ती त्यांनी लपवली असं कोणी म्हणणार नाही.

सहा मैलांवर नथॅनियल पर्स्लो राहत. तेही खासदार, पण समोरच्या पक्षाचे. पक्ष निराळे असले तरी दोघांना लंडनचा सारखाच कंटाळा, त्यामुळे त्यांची जोडी जमली होती. पार्लमेंटात ही जुनी सोय आहे. या बाजूच्या एकाने आणि त्या बाजूच्या एकाने एकमेकांना शब्द द्यायचा की अमक्या ठरावाला, अमक्या दिवशी, तू जाऊ नकोस, मीही जात नाही. दोन्हीकडचं एकेक मत कमी होतं, हिशेब सारखा राहतो, आणि दोघंही खुशाल गळ टाकून नदीकाठी बसायला मोकळे. याला कागद नाही, साक्षीदार नाही. सभ्य माणसाचा शब्द, बस.

त्या वर्षी मार्चमध्ये पर्स्लो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. सर ॲम्ब्रोज भेटायला गेले तेव्हा पर्स्लोंची थोरली बहीण, मिस डोर्कस, उशाशी बसून जवाची पेज भरवत होती. पर्स्लो खोकले. त्यांचं खोकणं ठरलेलं होतं, दोनदा खोकायचे आणि मग नाक ओढायचे.

"ॲम्ब्रोज, आमचे लोक मला खाटेसकट उचलून मतदानाला नेतील रे," ते म्हणाले. "जोडी करतोस?"

"केली."

"कुठल्या ठरावाला? कधीपर्यंत?"

इथे शहाण्या माणसाने ठराव सांगितला असता आणि तारीख सांगितली असती. पण समोर मित्र पडलेला, आणि सर ॲम्ब्रोजना स्वतःचं मोठं मन पाहून भरून आलं होतं. "ठराव कसला अन् तारीख कसली! जिथे तू हजर नसशील, तिथे मीही हजर नसेन. तू आपणहून मला मोकळं करीपर्यंत. हा माझा शब्द."

मिस डोर्कसने चमचा खाली ठेवला. "एवढा मोठा शब्द देऊ नये, ॲम्ब्रोज," ती म्हणाली.

"राहू दे गं," पर्स्लो म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. हात ओलसर आणि थंड होता. सर ॲम्ब्रोजनी तो दाबला आणि घरी परतताना वाटेत मनाशी लेटीच्या लग्नाची यादी केली. लेटी त्यांची एकुलती एक मुलगी. मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी गावच्या चर्चमध्ये तिचं लग्न होतं. तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं, हे सुख ते गेली दोन वर्षं मनातल्या मनात भोगत होते.

२

दहाव्या दिवशी पर्स्लो वारल्याची चिठ्ठी आली. त्याच टपालाने पक्षाचे प्रतोद कर्नल ब्लिसेट यांचं पत्र आलं. बुधवारी दुपारी चर्चसाठीच्या करपट्टीवर मतदान आहे, एकेका मताला सोन्याचा भाव आहे, ताबडतोब निघा.

बुधवारीच पर्स्लोंना माती द्यायची होती.

"माणूस गेला, जोडी संपली," सर ॲम्ब्रोज पत्नीला म्हणाले. "मेलेल्याशी कसला आलाय करार?"

लेडी ऑगस्टा शिवणातून मान वर न काढता म्हणाली, "मी कुठे काही म्हटलं? पण अंत्ययात्रेला आपल्या घरची गाडी तरी पाठवा. रिकामी गेली तरी चालते."

रिकामी गाडी पाठवली. स्वतः ते आगगाडीत बसले.

बुधवारी सकाळी प्रार्थनेआधी त्यांनी नेहमीच्या बाकावर आपली उंच टोपी ठेवली. टोपी ठेवली की जागा राखली, तिथे कोणी बसत नाही. चहा घेऊन परत आले तर तिथे यॉर्कशरचा एक लठ्ठ गृहस्थ बसलेला.

"माफ करा, माझी टोपी होती इथे."

गृहस्थ शेजाऱ्याशी बोलत राहिला. टोपी बाहेरच्या खुंटीवर सापडली. "कोणीतरी विसरून गेलंय," द्वारपाल दुसऱ्या नोकराला सांगत होता. सर ॲम्ब्रोजनी टोपी उचलली तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत होता. लंडनच्या नोकरांची मगरुरी अलीकडे फार वाढली आहे, असं त्यांनी मनात नोंदवलं.

चर्चेत दोन शब्द बोलावेत म्हणून ते तीनदा उभे राहिले. अध्यक्षांची नजर त्यांच्या डावीकडच्यावरून उजवीकडच्यावर गेली. एकवीस वर्षांत हे अनेकदा घडलं होतं, त्यात नवल नव्हतं. मात्र आज आपल्या मागे बसलेला माणूस आपल्या पाठीआडून काहीतरी पाहायला मान वाकडी करत नाही, सरळ पाहतो आहे, असं त्यांना वाटलं. वळून पाहणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते खाली बसले.

घंटा वाजली. विरोधात मत देणारे डावीकडच्या लॉबीतून रांगेने निघाले. दाराशी दोन मोजणारे उभे होते. प्रत्येक माणूस बाहेर पडला की त्यातला एक मोठ्याने आकडा म्हणायचा.

"एकशे बावन्न," मोजणारा म्हणाला. तो सर ॲम्ब्रोजच्या पुढचा माणूस होता.

सर ॲम्ब्रोज बाहेर पडले.

मोजणारा गप्प होता. त्याने जिभेने ओठ ओले केले, जणू पुढचा माणूस अजून आत रेंगाळतो आहे. मग मागचा तरुण बाहेर आला.

"एकशे त्रेपन्न."

"अहो, थांबा!" सर ॲम्ब्रोज म्हणाले. "मला मोजलं नाहीत."

"एकशे चौपन्न," मोजणारा म्हणाला.

ठराव एका मताने त्यांच्याविरुद्ध गेला.

३

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन्ही बाजूंच्या नावांच्या याद्या होत्या. हॅडली हे नाव कुठेच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत जोड्यांची यादी होती, आणि तिच्यात सहावी ओळ होती: हॅडली आणि पर्स्लो.

पर्स्लो आदल्याच दिवशी मातीखाली गेले होते. यादीत त्यांचं नाव घातलं कोणी?

आता मात्र संशयाची पाल चुकचुकली. यात पाणी मुरत होतं. ब्लिसेटला त्यांची जागा आपल्या भाच्याला द्यायची आहे, ही कुणकुण त्यांना होतीच. मत मोजू द्यायचं नाही, मग परगण्यात बोंब मारायची की हॅडली ऐन वेळी गावी बसला. डाव उघड होता. ते तडक क्लबात गेले. ब्लिसेट खिडकीशी दोघांबरोबर उभा होता.

"हॅडलीने घोळ केला," तो सांगत होता. "पत्र पाठवलं, तार केली. म्हातारा गावाहून हललाच नाही. मित्राचं दुःख म्हणे!"

"ब्लिसेट, मी इथे उभा आहे!"

ब्लिसेटने खांद्याजवळ गार वारा लागल्यासारखी कॉलर वर केली आणि वेटरला खिडकी लावायला सांगितलं. तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. एखाद्याला वाळीत टाकायचं म्हटलं तरी कोणाच्या तरी ओठांचा कोपरा हलतोच, आणि हे सर ॲम्ब्रोज सबंध प्रवासात आठवत राहिले.

श्रूजबरीच्या स्टेशनवर घरची गाडी आली नव्हती. भाड्याची गाडी करावी म्हणून त्यांनी हाक मारली, तर गाडीवान घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत बसला. नऊ मैल ते पायी आले. घराचं दार उघडंच होतं. जेवणघरात मेणबत्त्या लावायचं काम चाललं होतं, बाहेर अजून लख्ख उजेड होता. टेबलावर दोनच पानं मांडलेली होती, एक लेडी ऑगस्टाचं आणि एक लेटीचं.

"प्रॉसर!" त्यांनी खानसाम्याला हाक मारली. प्रॉसर चौतीस वर्षं या घरात होता. तो काटे पुसत होता. "प्रॉसर, कान फुटले का? माझं पान मांड."

प्रॉसरने काटा उजेडात धरून पाहिला आणि जागेवर ठेवला. तेवढ्यात लेटी आत आली, दारातच थबकली, डोळे बारीक केले.

"बाबा? कधी आलात? मला वाटलं तुम्ही लंडनला..."

"आत्ताच आलो, बाळ."

"अगंबाई, खरंच की!" मागून लेडी ऑगस्टा म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण जरा बाजूला, उजव्या कानाच्या पलीकडे. "अहो, कळवायचं तरी. प्रॉसर, साहेब आलेत. दिसत नाही का?"

प्रॉसर शरमला, पान मांडलं, सूप वाढलं. गरम सूप पोटात गेल्यावर सर ॲम्ब्रोजना स्वतःच्या भित्रेपणाचं हसू आलं. थकलेला माणूस काय वाटेल ते पाहतो. पण दुसऱ्यांदा सूप वाढताना प्रॉसर त्यांना सोडून पुढे गेला, आणि लेडी ऑगस्टा लेटीला म्हणाली, "तुझ्या बाबांचं लंडनहून पत्र नाही आलं अजून."

लेटीने दचकून वर पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिला फार कष्ट पडत होते.

४

एप्रिल असाच गेला. कधी अर्धा दिवस सगळं सुरळीत असायचं, माळी टोपीला हात लावायचा, वकील जमिनीचे नकाशे दाखवायचा. मग मध्येच तुटायचं. न्यायासनावर ते आपल्या खुर्चीत बसले, कोंबडीचोराला दोन आठवड्यांची शिक्षा सुनावली, आणि कारकुनाने वहीत लिहिलं: सर ॲम्ब्रोज हॅडली, गैरहजर, पार्लमेंटच्या कामासाठी लंडनमध्ये. चोर सुटून गेला. ब्लिसेटचं मात्र हॅडली कोर्टला पत्र आलं, आपण गावी किती दिवस बसणार म्हणून.

म्हणजे लंडनला वाटत होतं साहेब गावी आहेत आणि गावाला वाटत होतं साहेब लंडनला आहेत. यात कोणाला काहीच वावगं वाटत नव्हतं. खासदार माणूस, आज इथे नाही म्हणजे तिथे असणार. एकवीस वर्षं त्यांनी स्वतःच लोकांना ही सवय लावली होती.

ते संशयाने पोखरून गेले. प्रॉसर दारू पितो का? ब्लिसेटने माझ्या बायकोला फितवलं का? लेडी ऑगस्टाचा भाऊ, कॅप्टन लायनल, सोमवारपासून येऊन राहिला होता, आणि दोघं सतत कुजबुजायची. एका दुपारी ते बैठकीच्या दाराशी कान लावून उभे राहिले. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायची त्यांना लाज वाटली. मग आठवलं, दार उघडून आत उभं राहिलं तरी फरक पडत नाही. ते आत गेले आणि गालिच्याच्या मधोमध उभे राहिले.

"नाही आले तर?" लेडी ऑगस्टा विचारत होती. तिचे डोळे लाल होते. "तीन पत्रं टाकली मी. एकाचंही उत्तर नाही. यांना पोरीपेक्षा पार्लमेंट मोठं झालं."

"मग मी आहे की," कॅप्टन लायनल म्हणाला. "मामाने हात धरला तर काही आभाळ कोसळत नाही. पण मला त्या माणसाचं नवल वाटतं. शब्दाचा पक्का म्हणतात, आणि पोटच्या मुलीला दिलेला शब्द..."

"बाबा येतील," खिडकीपाशी बसलेली लेटी म्हणाली. "कालच मला जिन्यात भेटले."

मग लायनलने बहिणीकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. पोरीचं डोकं लग्नाच्या धावपळीने फिरलंय, असा त्याचा अर्थ होता.

"लेटी, मी इथेच आहे," सर ॲम्ब्रोज म्हणाले.

लेटीने मान वळवली, डोळे बारीक केले. ती शोधत होती. गालिच्यावर, शेकोटीपाशी, पियानोमागे. तिची नजर दोनदा त्यांच्या अंगावरून गेली. मग तिने ओठ दाबले आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. त्या क्षणी सर ॲम्ब्रोजना कळलं की कोणी कट केलेला नाही, आणि कट असता तर किती बरं झालं असतं.

लग्नाला चार दिवस राहिले होते.

५

पर्स्लोंच्या घरी ते चालतच गेले. दुपारचे चार वाजले होते, बागेत मधमाश्या गुणगुणत होत्या. त्यांनी दार वाजवलं, कोणी उघडेल ही आशा न धरता.

मिस डोर्कसने दार उघडलं. अंगात काळा पोशाख, हातात किटली. तिने थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"ये, ॲम्ब्रोज. उशीर केलास."

त्यांना रडूच आलं. गेल्या महिनाभरात कोणी इतकं सरळ पाहिलं नव्हतं. "डोर्कसबाई, मी तुम्हाला दिसतो?"

"न दिसायला काय झालं? वाळलास मात्र. बूट पूस आणि बस."

बैठकीत पडदे अर्धे ओढलेले होते. टेबलावर तीन पेले होते. मागच्या छोट्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं, आतून शेकोटीचा उजेड येत होता. डोर्कसने एक पेला भरला, त्यात तीन चमचे साखर घातली आणि तो घेऊन ती मागच्या खोलीत गेली. आत खुर्ची करकरली. ती रिकाम्या हाताने परत आली.

दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली आहे, सर ॲम्ब्रोजनी स्वतःला समजावलं. अशा वेळी माणसाने तिच्या कलाने घ्यावं. मांजर असेल आत. मग आतून खोकण्याचा आवाज आला. दोनदा, आणि मग कोणीतरी नाक ओढलं.

खुर्चीवरून ते दार त्यांना पाठीमागे पडत होतं, आणि त्यांनी खुर्ची फिरवली नाही.

"मी... मी त्या बुधवारी यायला हवं होतं," ते म्हणाले.

"रिकामी गाडी आली होती तुझी," डोर्कस म्हणाली. "त्याला फार लागलं ते."

"मला मोकळं करायला सांगा. मंगळवारी लेटीचं लग्न आहे. माझी एकुलती एक मुलगी, डोर्कसबाई. पुढे मला कोणी कधी पाहिलं नाही तरी चालेल, पण मंगळवारी..."

ती उठून आत गेली. दबक्या आवाजात बोलणं झालं. एक आवाज तिचा होता. दुसरा इतका हळू होता की तो आवाज होता की धुराड्यातला वारा, हे ठरवता आलं नसतं, आणि सर ॲम्ब्रोजनी ते वारा असं ठरवलं. ती परत आली.

"तो म्हणतो, जोडी एका बाजूने सुटत नाही, हे तुला ठाऊक आहे. तो हजर नाही तिथे तू हजर नाहीस."

"पण मग मी करू काय?"

"मी सांगितलं होतं तुला, एवढा मोठा शब्द देऊ नये." तिने त्यांच्या पेल्यात चहा ओतला. "तो म्हणतो, तुला हजर राहायचं तर त्यालाही हजर राहू दे. मग हिशेब सारखा होतो."

सर ॲम्ब्रोज हसले. ते हसू त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं, पण बाईच्या कलाने घ्यायचं ठरलं होतं ना? आणि यात बिघडतं काय? भ्रमिष्ट बाईच्या समाधानासाठी एक वाक्य बोलायचं. त्याच वेळी डोळ्यांपुढे लायनल आला, लेटीचा हात धरून चालणारा.

"मग येऊ दे की त्याला," ते म्हणाले.

मागच्या खोलीत खुर्ची करकरली. कोणीतरी उठून उभं राहिल्यासारखी.

"आमंत्रणाशिवाय तो कुठे जात नाही," डोर्कस म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "ॲम्ब्रोज, नीट विचार कर. कुठे बोलावतोस, कोणाजवळ बोलावतोस. तो माझा भाऊ आहे, तरी सांगते. तो आता पूर्वीसारखा नाही."

"दिलं आमंत्रण. मंगळवारी, अकरा वाजता, आमच्या चर्चमध्ये. माझ्याबरोबर."

डोर्कसने डोळे मिटून घेतले. आतलं दार हलकेच, वीतभर आणखी उघडलं. सर ॲम्ब्रोज मागे न बघता टोपी घेऊन बाहेर पडले. फाटकाजवळ रस्त्यावरचा एक शेतकरी टोपी काढून म्हणाला, "नमस्कार साहेब, लंडनहून कधी आलात?"

६

मंगळवारी सकाळी प्रॉसर गरम पाणी घेऊन आला. "दाढीचं पाणी, साहेब. आज ऊन छान पडलंय."

"प्रॉसर, मी तुला दिसतो?"

"दिसता की, साहेब." प्रॉसर घाबरून म्हणाला. "रात्री झोप नाही लागली का?"

जिन्यात लेडी ऑगस्टाने त्यांना असं फैलावर घेतलं की ऐकून कान तृप्त झाले. तीन पत्रं, एकाचं उत्तर नाही, बापाला शोभतं का, आणि गळ्यातला रुमाल किती वाकडा बांधलाय. तिने स्वतः तो सरळ केला. तिची बोटं त्यांच्या गळ्याला लागली आणि त्यांना हुंदका आवरावा लागला. कॅप्टन लायनलने जरा ओशाळून हात मिळवला. लेटी पांढऱ्या पोशाखात खाली आली आणि धावत येऊन त्यांच्या छातीला बिलगली.

"मी म्हटलं होतं, बाबा येतील! मी सगळ्यांना सांगितलं, बाबांनी शब्द दिलाय."

गाडीत बाप आणि लेक, दोघंच. सर ॲम्ब्रोज चढले तेव्हा गाडी एका बाजूला कलली. लेटी चढली आणि गाडी सरळ झाली. मग गाडीवानाने दार लावायच्या आधी ती पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूला, खाली दबली.

"बाबा, तुमच्या कपड्यांना ओल्या मातीचा वास येतोय," लेटी हसून म्हणाली. "शेतातून आलात का?" तिने आपल्या झग्याचा घोळ जरा आवरून घेतला आणि ती त्यांच्याकडे सरकली. का सरकली, हे तिलाही ठाऊक नसावं.

रस्ताभर त्यांनी फक्त तिच्याकडे पाहिलं. तिच्या पलीकडे खिडकी होती. त्या बाजूचं हिरवं कुरण त्यांना दिसायला हवं होतं. ते दिसतं की नाही, हे त्यांनी तपासलं नाही.

चर्च भरलं होतं. ऑर्गन सुरू झाला, सगळे उठून उभे राहिले, आणि शंभर-दीडशे माणसांनी सर ॲम्ब्रोज हॅडलींकडे पाहिलं. कोणाचीही नजर कानाच्या बाजूला गेली नाही. त्यांच्या डाव्या हातावर लेटीचा हात होता, त्यांनी तो घट्ट धरला, आणि दोघं चालू लागली. दाराजवळच्या बाकावरच्या दळणवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोने गुडघे लववून त्यांना मान दिला. मग लेटीला. मग तिने किंचित बाजूला वळून तिसऱ्यांदा गुडघे लववले आणि ती अर्ध्यातच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पलीकडच्या बाकांवरच्या बायका आपापले घोळ ओढून घेत होत्या. एकेका बाकावर, ओळीने, ही तिघं पुढे सरकतील तशा. कोणी काही बोललं नाही. लग्नात कोणी बोलत नाही.

निम्मी वाट सरली आणि लेटीची पावलं मंदावली. तिने मान वळवली नाही. ती चांगल्या घरची मुलगी होती, समोर बघून चालायचं तिला शिकवलं होतं. ओठ न हलवता ती म्हणाली,

"बाबा, माझा दुसरा हात कोणी धरलाय?"

ते थांबू शकत होते. तिला ओढून मागे, दाराकडे, उन्हात नेऊ शकत होते. पण मागे वळलं की ते पुन्हा कोणाला दिसले नसते, आणि ती एकटी राहिली असती. किंवा एकटी राहिली नसती. तिच्या पलीकडून, अगदी तिच्या कानाशी, कोणीतरी दोनदा खोकलं आणि नाक ओढलं.

"कोणी नाही, बाळ," सर ॲम्ब्रोज म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

लेटीने सुटकेचा श्वास सोडला, बापाच्या हातावरची बोटं सैल केली आणि ती पुढे चालू लागली.